त्वचा आणि आरोग्य : शरीर कमावल्यानंतरचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पुरुष वाचकांची आहेत. त्यांतील बहुतेकांनी गेल्या एक-दोन वर्षांत नेटाने व्यायाम करून वजन उतरवले आहे किंवा अंगावर स्नायू चढवले आहेत. शरीराने साथ दिली, पण त्वचेकडे पाहून समाधान होत नाही, अशी सगळ्यांची तक्रार आहे. पुरुषाने असल्या गोष्टी विचाराव्यात का, असा संकोचही काहींनी व्यक्त केला आहे. जरूर विचाराव्यात. संकोचापायी माणूस डॉक्टरऐवजी औषधाच्या दुकानातल्या किंवा जिममधल्या सल्ल्यावर विसंबतो, आणि ओपीडीत येणारे सर्वांत बिघडलेले त्वचारोग बहुधा त्याच वाटेने आलेले असतात. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. दोन वर्षांपूर्वी माझे वजन ११२ किलो होते, आता ते ७९ किलो आहे. पोटाची कातडी मात्र सैल पडून लोंबते आणि दंडांवर व मांड्यांवर पांढऱ्या रेषा उमटल्या आहेत. शर्ट काढायची अजूनही लाज वाटते. एखादे क्रीम किंवा तेलाचे मालिश उपयोगी पडेल का? मानेवरचा काळेपणा तेवढा आपोआप कमी झाला. — एक वाचक, भांडुप

उत्तर : शस्त्रक्रियेशिवाय ३३ किलो वजन उतरवणे आणि ते टिकवणे हे फार मोठे काम आहे, त्याबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरती लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मानेवर, काखेत आणि जांघेत येणारा तो जाडसर, मखमली पोताचा काळेपणा मळाचा नसतो. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण सतत वाढलेले राहिले की त्या भागातील त्वचेच्या पेशी जोमाने वाढू लागतात आणि त्वचा काळी व जाड दिसते. कितीतरी घरांत लठ्ठ मुलांच्या माना लिंबाने आणि वजरीने घासल्या जातात. त्याने कातडी सोलवटते आणि डाग आणखी गडद होतो. तुमचा डाग वजनाबरोबर उतरला, याचा अर्थ तुमच्या शरीरात इन्सुलिनचे काम सुधारले आहे. तरीही उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) या दोन तपासण्या एकदा करून घ्याव्यात.

पांढऱ्या रेषांबद्दल स्पष्टच लिहितो. त्वचेच्या वरच्या पापुद्र्याखाली कोलॅजेन आणि इलॅस्टिनच्या तंतूंचा जो जाड थर असतो, तो ताणाने आतून फाटतो आणि तेथे वण तयार होतो. वरून आपल्याला दिसते ती त्या वणाची रेषा. रेषा नवीन असताना तांबूस किंवा जांभळट दिसते आणि त्या काळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलेल्या ट्रेटिनॉइनसारख्या औषधाचा काही प्रमाणात उपयोग होतो. पुढे ती पांढरी पडते, आणि मग कोणतेही तेल किंवा क्रीम ती पुसू शकत नाही. मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुयांनी टोचण्याचा उपचार) आणि लेझर यांनी रेषा थोड्या फिकट होतात, पूर्णपणे जात नाहीत. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेवर अशा उपचारानंतर काळे डाग पडण्याचा धोका असतो. वजन उतरवलेल्यांप्रमाणेच झपाट्याने स्नायू वाढवणाऱ्या तरुणांच्या खांद्यांवर आणि काखेच्या पुढच्या बाजूलाही या रेषा येतात. त्यांचा प्रकृतीला काहीही अपाय नसतो.

सैल कातडीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ती किती आखडेल हे वयावर, लठ्ठपणा किती वर्षे होता त्यावर, वजन किती उतरले त्यावर, उन्हावर आणि धूम्रपानावर अवलंबून असते. धूम्रपान करत असाल तर ते सोडणे हा कोणत्याही क्रीमपेक्षा मोठा उपाय आहे. वजन स्थिरावल्यानंतरही काही महिने कातडी हळूहळू सावरत राहते, म्हणून घाई करू नये. या काळात जेवणात पुरेशी प्रथिने घेऊन वजने उचलण्याचा व्यायाम चालू ठेवला, तर दंड आणि मांड्या स्नायूंनी भरून येतात व तेथला सैलपणा कमी जाणवतो. पोटाच्या बाबतीत मात्र व्यायामाला मर्यादा पडतात. लोंबणारी घडी काढण्याचा खरा उपाय शस्त्रक्रिया हाच आहे आणि वजन किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर, स्थिर राहिल्याशिवाय तिचा विचार करू नये. लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी निघत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या परिस्थितीत केवळ ते केल्यास सैलपणा उलट वाढल्यासारखा दिसू शकतो. पोटाच्या शस्त्रक्रियेचा वण ओटीपोटावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि तो कायमचा असतो, हे सल्ला घेतानाच नीट विचारून घ्यावे. तोपर्यंत घडीखालची त्वचा आंघोळीनंतर कोरडी टिपून ठेवावी. मुंबईच्या दमट हवेत तेथे ओल राहिली की बुरशी धरते.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून दादरला जिममध्ये जातो. स्नायू उठून दिसावेत म्हणून छाती आणि पाठीवरचे केस मी ब्लेडने काढतो. त्यानंतर खाज येते, पुटकुळ्या उठतात आणि आता बारीक काळे डाग राहिले आहेत. लेझर करावे का? वारंवार केस काढल्याने ते दाट होतात हे खरे आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ब्लेड केसाचा त्वचेबाहेरचा निर्जीव भाग कापते; केसाच्या मुळाला त्याची जाणीवही होत नाही. शास्त्रज्ञांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर हे तपासून पाहिले होते आणि कापल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही असे त्यांना आढळले होते. नैसर्गिक केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट असते, म्हणून उगवताना तो राठ लागतो.

पुटकुळ्यांचे कारणही त्या कापलेल्या टोकातच आहे. अशा पुटकुळ्या भिंगाखाली पाहिल्या की त्यांतल्या कित्येकांमध्ये केस बाहेर न येता त्वचेखाली गोल वळून बसलेला दिसतो. शरीर त्याला परका समजून त्याच्याभोवती सूज आणते. त्यात जंतू शिरले तर केसतूड होते. खाजवल्याने किंवा नखाने केस उकरल्याने जो काळा डाग पडतो, तो जायला कित्येक महिने लागतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, ब्लेड बाजूला ठेवून ट्रिमर वापरावा आणि केस त्वचेपासून एक-दोन मिलिमीटर लांब ठेवावेत. एवढ्याने स्नायूंची ठेवण स्पष्ट दिसते आणि केस आत वळत नाहीत. ब्लेडशिवाय चालणारच नसेल तर कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर, जेल लावून, केसांच्या वाढीच्या दिशेनेच ते हलक्या हाताने फिरवावे, आणि त्यानंतर लगेच घाम येईल असा व्यायाम करू नये. पाठीसाठी दुसऱ्याची मदत घेताना त्याचे ब्लेड किंवा वस्तरा कधीही वापरू नये. हेपटायटिस बी आणि सी यांसारखे आजार रक्ताच्या सूक्ष्म अंशातूनही पसरतात. जांघेसाठी पुढे जाळी असलेला, स्वतःचा वेगळा ट्रिमर ठेवावा. केस काढण्याचे क्रीम अंडकोशाच्या पातळ त्वचेवर लावू नये, त्याने भाजते.

लेझर करायला हरकत नाही, मात्र त्याची मर्यादा समजून घ्यावी. लेझरची ऊर्जा केसातील काळ्या रंगद्रव्यात शोषली जाते. त्वचाही सावळी असेल तर तीही ती शोषून घेते व भाजू शकते. म्हणून आपल्या वर्णासाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते. साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात, केस विरळ आणि बारीक होतात, पण पूर्ण नाहीसे होतात असे नाही, आणि पुढेही अधूनमधून बैठका घ्याव्या लागतात. काही पुरुषांमध्ये खांद्यांवर आणि पाठीवर लेझरनंतर केस उलट वाढल्याचेही दिसते. यंत्र कोण चालवणार आहे आणि त्वचारोगतज्ज्ञ तेथे प्रत्यक्ष हजर असतात का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. छातीवर केस असणे हा दोष नाही, हे मी तुमच्या वयाच्या प्रत्येक तरुणाला सांगतो. ते काढणे ही आवड आहे आणि आवडीपायी निरोगी त्वचा आजारी करू नये.

प्रश्न : व्यायामाने शरीर चांगले झाले, आता रंग उजळावा म्हणून ग्लुटाथायोनची इंजेक्शने घ्यावीत का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : घेऊ नयेत. शिरेतून दिलेल्या या औषधाने वर्ण कायमचा उजळतो याला भक्कम पुरावा नाही आणि त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. घटकांची नावे न छापलेली गोरेपणाची क्रीमेही टाळावीत. अशा काही क्रीमांत पारा आढळला आहे आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. सकाळी उशिरापर्यंत मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्कात धावत असाल तर चेहरा, मान आणि हातांवर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. उन्हाने आलेला काळेपणा एवढ्यानेच बराच उतरतो.

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. चार-पाच महिन्यांत त्याचे शरीर खूप भरले, पण पाठीवर आणि खांद्यांवर मोठे, दुखणारे फोड आले आहेत. तो जिममधून आणलेली पावडर घेतो आणि विचारले की चिडतो. — एक आई, लालबाग

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. दुधापासून केलेल्या व्हे प्रोटीनने काही तरुणांचे मुरूम वाढतात. ती पावडर महिना-दोन महिने बंद करून अंडी, डाळी, पनीर, मासे यांतून प्रथिने घेतल्यास फरक कळून येतो. छाती-पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर ती बुरशी असू शकते आणि तिला प्रतिजैविकांच्या गोळ्या लागू पडत नाहीत. पण इतक्या कमी काळात शरीर भरणे, मोठे दुखरे फोड, नव्या तांबूस रेषा आणि चिडचिड हे सगळे एकत्र असेल, तर अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या कृत्रिम हार्मोनची, शंका घ्यावीच लागते. ही औषधे इंजेक्शनातून किंवा गोळ्यांतून दिली जातात, आणि पावडरीत काय मिसळले आहे हे मुलाला स्वतःलाही माहीत नसते. त्यांनी अंडकोश आक्रसतात, शुक्राणू घटतात, छातीत गाठी येतात, रक्तदाब व कोलेस्टेरॉल बिघडते.

त्याच्यावर आरोप करू नये. फोडांवर औषध घ्यायला म्हणून त्याला घेऊन यावे आणि डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. आईसमोर जे तो सांगणार नाही ते तेथे सांगेल. स्टेरॉइड घेत असल्याचे निघाले तर थांबवल्यानंतर काही काळ थकवा आणि उदासी येते, म्हणून हार्मोनतज्ज्ञांची मदत आवश्यक असते. त्याची मनःस्थिती तेवढे दिवस जवळून सांभाळावी.

प्रश्न : रोज धावायला लागल्यापासून जांघेत गोल, खाजरे चट्टे आले. दुकानातून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत बरे वाटते, पण मलम थांबवले की चट्टे पुन्हा येतात. आता मांडीची कातडी पातळ दिसते. वय ४१. — एक वाचक, कुर्ला

उत्तर : हा नायटा, म्हणजेच गजकर्ण, असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि तुमचे मलम बहुधा बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड (हे स्नायू वाढवणारे नव्हे, सूज व खाज दाबणारे) यांचे मिश्रण असावे. स्टेरॉइडने खाज तात्काळ थांबते, पण तेथील प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आतून पसरत राहते. पातळ झालेली कातडी हाही त्याचाच परिणाम आहे. अशी मलमे सर्रास विकली जातात म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ती मागितली की मिळतात, याचे मला फार वाईट वाटते. बुरशीची जी जात आज आपल्याकडे पसरली आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषधही अनेकदा पूर्वीसारखे चालत नाही. ओपीडीत आम्ही चट्ट्याच्या कडेची खपली पात्याने हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतो, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहतो. काही मिनिटांत खात्री होते.

मलम आजच थांबवावे. काही दिवस लाली आणि खाज वाढेल; त्यावर पुन्हा तेच मलम लावू नये, लवकर डॉक्टरांकडे जावे. उपचार कित्येक आठवडे चालतात आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही ठरलेली मुदत पूर्ण करावी लागते. धावून आल्यावर ओले कपडे अंगावर ठेवून लोकलने घरी येऊ नये. आंघोळीनंतर जांघ कोरडी करावी, सैल सुती अंतर्वस्त्र वापरावे, घरातल्या कोणाशीही टॉवेल वाटून घेऊ नये आणि कोणाला खाज असल्यास त्याचेही उपचार सोबतच करावेत. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. दमट अंतर्वस्त्र तसेच न घालता त्यावर गरम इस्त्री फिरवावी, विशेषतः कमरेच्या पट्टीवर आणि शिवणींवर. खासगी उपचार परवडत नसतील तर परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक किंवा मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना आजवर लावलेल्या मलमांच्या रिकाम्या नळ्या सोबत न्याव्यात, कारण कोणते स्टेरॉइड किती काळ लावले गेले हे कळल्यावरच पुढचे औषध ठरवता येते.