पत्ता फुटला कुठून?

माझा ई-मेल पत्ता फक्त मुलाकडे, सुनेकडे आणि बँकेत आहे. तरी लॉटरी लागल्याचे मेल येतात. कोणी दिला असेल? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, तुमचा पत्ता बहुधा नाव, टिंब, आडनाव असाच असणार. तो कुणी द्यावा लागत नाही. स्पॅमवाल्यांचे, म्हणजे असे नको असलेले मेल घाऊक पाठवणाऱ्यांचे, प्रोग्रॅम नावं, आडनावं, जन्मसालं यांच्या जोड्या लावून लाखो पत्ते बनवतात आणि धडाधड मेल सोडतात. पत्ता खोटा असेल तर समोरचा सर्व्हर, म्हणजे मेल घेणारा संगणक, बहुतेक वेळा ‘५५०’ या आकड्याने नकार कळवतो. नकार आला नाही, की पत्ता यादीत. पाठवायला जवळपास फुकटच, त्यामुळे ढीगभर नकार आले तरी त्यांचं काय जातं?

मुलावर संशय नको, पण त्याच्या संगणकावर जरूर घ्या. १९९९ साली मेलिसा नावाचा व्हायरस आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधल्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला होता. पुढे इमोटेट नावाच्या घातक प्रोग्रॅमने तर लोकांच्या पत्त्यांसोबत जुना पत्रव्यवहारही चोरला. आपण जपलेला पत्ता दुसऱ्याच्या वहीतून जातो, तो असा.

मोठ्या कंपनीला दिलेला पत्ता तरी सुरक्षित ना? (पुणे)

एओएल या अमेरिकेतल्या मोठ्या इंटरनेट कंपनीच्याच एका अभियंत्याने ९ कोटी २० लाख ग्राहकनावं चोरून स्पॅमवाल्यांना विकली. त्यापुढे ‘अॅट एओएल डॉट कॉम’ जोडलं की झाला पत्ता. २००४ मध्ये त्याला अटक झाली, २००५ मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा. घरभेदी नसला तरी बाहेरचे चोर आहेतच. जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आलेल्या एकाच गाठोड्यात सुमारे ७७ कोटी पत्ते होते, ठिकठिकाणच्या चोऱ्यांतून जमवलेले. संगणक-सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या, चोरीला गेलेले पत्ते तपासून देणाऱ्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर आपला पत्ता टाकून पाहा. माझा तिथे एकदा नव्हे, अनेकदा सापडला!

कोणी फोडला ते शोधता येतं का? (नाशिक)

जीमेलवर येतं. पत्त्यातल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल तुमच्याच पेटीत येतो. मी एका चष्म्याच्या दुकानात ‘+चष्मा’ या अर्थाचं शेपूट लावून पत्ता दिला. काही आठवड्यांत त्याच शेपटीवर फ्लॅटच्या जाहिराती. दुकानदाराला विचारलं तर तो खरोखर गोंधळला. बिलं करणारं सॉफ्टवेअर कुणा तिसऱ्याचंच होतं. हुशार स्पॅमवाले शेपूट कापून टाकतात, आणि काही फॉर्म ते चिन्ह घेतच नाहीत, एवढी खोट आहे.

असा मेल नुसता उघडला तर काही होतं? (ठाणे)

होऊ शकतं. आत डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं. ते त्यांच्या सर्व्हरवरून उतरलं, की पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं. सेटिंगमध्ये जाऊन चित्रं ‘विचारल्याशिवाय दाखवू नका’ असं करून ठेवा.