टाच, घुंगरू आणि बारावीनंतरची वाट

कोपरखैरण्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी कॉमर्सला. लहानपणापासून भरतनाट्यम शिकते, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा ही परीक्षा झाली आहे. अनवाणी नाचणारी अमेरिकन नर्तिका इझाडोरा डंकन हिच्याबद्दल वाचल्यापासून 'मी नृत्यच करणार, कॉमर्स आत्ताच सोडते' असा धोशा लावलाय. आजोबा म्हणतात, 'अनवाणी नाचून कुणाचं पोट भरलंय?' त्यात गेले दोन महिने सकाळी उठल्यावर तिची टाच दुखते.

ताई, आधी टाच. भरतनाट्यमचा सगळा भार अनवाणी तळव्यावर येतो. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसून, तासन् तास जमिनीवर पाय आपटायचा आणि खाली असते स्लॅबवर बसवलेली टाइल. ती जराही दबत नाही, त्यामुळे धक्का टाच, नडगी आणि गुडघ्यालाच सोसावा लागतो. क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये असेल, तर बाईंशी मोकळेपणाने बोला. थोडी दबणारी लाकडी जमीन कुठे मिळत असेल, तर तिथे सराव करू द्या. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपिस्टकडून पोटरीचे व्यायाम शिकून घ्या आणि ते सांगतील तोवर अडवूंचा, म्हणजे मूळ पदन्यासांचा, जोर कमी ठेवा. सोळाव्या वर्षी दुखणं अंगावर काढणाऱ्या मुली पंचविशीत नाच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आजोबांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नका. 1877 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या इझाडोराने बॅलेचे बूट झुगारले, ही तिथे बंडखोरी होती. आपल्याकडे रंगमंचावर पाऊल अनवाणीच पडतं. इथल्या बायकांचं बंड वेगळ्या जागी होतं आणि मुलीने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये कलाक्षेत्र ही भरतनाट्यम शिकवणारी संस्था उभी केली. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि कथक मराठी घरांत रुजवलं. कनक रेळे तर कायद्याच्या पदवीधर. त्यांनी मोहिनीआट्टम या केरळच्या नृत्यावर संशोधन केलं आणि मुंबईत नालंदा हे नृत्य महाविद्यालय उभारून नृत्याला विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेलं. या तिघी उत्तम नाचल्याच, पण टिकल्या त्या शिकवणं, अभ्यास आणि संस्था यांच्या बळावर. आजोबांना हेच सांगा.

कारण नुसत्या कार्यक्रमांवर घर चालत नाही. सुरुवातीची वर्षं वादक, वेशभूषा, मेकअप, हॉलचं भाडं हा खर्च बहुतेक घरचेच करतात. नियमित पैसा येतो तो शाळेतली नृत्यशिक्षिका, स्वतःचा क्लास, नृत्यरचना यांतून आणि त्यासाठी कागदावरची पात्रता लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत: कॉमर्स बारावीपर्यंत सोडू नये. नंतर मात्र खुशाल नृत्याची पदवी घ्यावी. पार्ल्याचं नालंदा आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. कोपरखैरण्याहून पार्ल्याला रोज जाणं दमवणारं आहे. ठाणे, मग घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुन्हा एक स्टेशन. प्रवेशाआधी एकदा गर्दीच्या वेळी मुलीसोबत जाऊन बघा. मध्यमानंतरच्या विशारद परीक्षेची तयारी चालू ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय वाशीतच आहे, परीक्षेचे प्रश्न तिथेच विचारता येतील. अठरा पूर्ण झाल्यावर संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो: वय 18 ते 25, दोन वर्षं, महिना 5,000 रुपये. रक्कम मोठी नाही, पण निवड झाली तर आजोबांनाही भरवसा वाटेल.

आणि अकाउंट्स तिने मन लावून शिकावं. उद्या क्लास काढला तर फीचा हिशेब तिलाच ठेवायचा आहे. टाचेबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.