'पर्याय दिला' की 'रवानगी केली'? बेसबॉलच्या मार्चमधल्या बातम्यांविषयी

एका वाचकांनी विचारलं आहे: मुलगा अ‍ॅरिझोनात असतो, त्याच्यामुळे बेसबॉलची गोडी लागली. मार्च महिन्यात फोनवर मराठीत बातम्या येतात, त्यात 'पिचरला ट्रिपल-एसाठी पर्याय देण्यात आला' आणि 'खेळाडू असाइनमेंटसाठी नियुक्त' अशी वाक्यं असतात (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा). पर्याय दिला म्हणजे खेळाडूला निवड करता येते का? आणि नियुक्ती झाली असेल तर चाहते हळहळतात कशाला? शिवाय 'रोस्टर कट' आणि 'प्रॉस्पेक्ट' यांना मराठीत काय म्हणावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. पर्याय असतो खरा, पण तो क्लबचा. अमेरिकी बेसबॉलची सर्वांत वरची लीग म्हणजे मेजर लीग, तिच्या खालच्या पायऱ्या म्हणजे मायनर लीग, आणि ट्रिपल-ए ही त्यातली सगळ्यात वरची. पूर्वी मायनर लीगचे बहुतेक क्लब स्वतंत्र मालकांचे होते. मेजर लीगचा क्लब आपला खेळाडू त्यांच्या हवाली करी आणि तो परत घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवी. या राखून ठेवलेल्या हक्काचं नाव 'ऑप्शन'. आपल्या गावाकडच्या मुदत खरेदीसारखाच हा व्यवहार: जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली तरी मुदतीत पैसे फेडले की परत. ती परत घ्यायची की नाही, हे जमिनीला कोणी विचारत नाही. इथे खेळाडूलाही नाही.

पुढे 1920च्या दशकात सेंट लुई कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी मायनर लीगचे संघ क्लबच्याच पदरी बांधायला सुरुवात केली आणि त्यातून आजची 'फार्म' व्यवस्था उभी राहिली. आता प्रत्येक मेजर लीग क्लबाचे वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे चार संघ असतात. 30 क्लबांचे मिळून 120. खेळाडू या घरातून त्या घरात गेला तरी कुटुंब तेच. पण शब्द जुन्या व्यवहारातला राहिला आणि भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्याचं 'पर्याय' करून टाकलं.

आजचा नियम थोडक्यात असा. क्लबाची एक 40 जणांची यादी असते आणि त्यातले 26 प्रत्यक्ष मेजर लीगच्या संघात असतात. उरलेल्यांपैकी जे धडधाकट आहेत त्यांना खाली पाठवतात, ते 'ऑप्शन'वर. हे एका खेळाडूच्या बाबतीत साधारणपणे तीन हंगामांत करता येतं, आणि हंगामात एकूण 20 दिवस खाली काढले की त्यातला एक हंगाम खर्ची पडतो. 2022पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं वरखाली करता येत नाही. खाली गेलेला फलंदाज किमान 10 दिवस आणि पिचर 15 दिवस वर येऊ शकत नाही, मात्र वरचा कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी लगेच बोलावता येतं. तिन्ही हंगाम संपले की खेळाडू 'आउट ऑफ ऑप्शन्स'. मग त्याला खाली पाठवायचं तर आधी इतर 29 क्लबांपुढे ठेवावं लागतं, ज्याला हवा तो उचलतो. मार्चअखेरीस एखादा बरा खेळणारा पोरगा खाली जातो आणि यथातथा खेळणारा थोरला वर राहतो, त्यामागे बरेचदा एवढंच कारण असतं.

माझ्या मते या 'ऑप्शन'ला मराठीत 'रवानगी' म्हणावं. 'पिचरची ट्रिपल-एला रवानगी'. आपली वर्तमानपत्रं बदलीच्या, तुरुंगाच्या आणि परतीच्या विमानाच्या बातम्यांत हा शब्द वापरतात. त्यात जाणाऱ्याची मर्जी विचारलेली नसते, पण तो संपला असंही सुचत नाही. अर्थाच्या काटेकोरपणात 'प्रतिनियुक्ती' जास्त जवळ जाईल. सरकारी नोकर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करतो, पण मूळ खात्यात त्याचा धारणाधिकार शाबूत असतो. इथेही खेळाडू ट्रिपल-एला खेळतो आणि नाव 40च्या यादीत कायम. तरी मी हा शब्द सुचवणार नाही. प्रतिनियुक्तीला कारकूनमंडळी वशिला लावून जातात; ट्रिपल-एला जायला कोणी वशिला लावत नाही. वर बोलावतात त्याला मात्र आपल्या क्रीडापानांवरचा तयार शब्द आहेच: पाचारण.

जे खेळाडू 40च्या यादीत नसतात, नुसते निमंत्रित म्हणून हंगामाआधीच्या सराव शिबिराला, म्हणजे कॅम्पला, आलेले असतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत ऑप्शन हा शब्द येत नाही. त्यांना 'मायनर लीग कॅम्पमध्ये परत पाठवलं' एवढंच लिहितात. बास्केटबॉल सोडून आलेला मायकेल जॉर्डन 1994 साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स क्लबच्या कॅम्पमधून अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमच्या डबल-ए संघात गेला, तो याच रस्त्याने.

'कट'ची तर मराठीत पंचाईतच आहे. 'रोस्टर कट' असा मथळा दिला तर आपल्याला आधी कारस्थान आठवणार. कधीकधी ते चाहत्यांना पटेलही म्हणा. 2015च्या मार्चमध्ये शिकागो कब्ज क्लबच्या कॅम्पमध्ये क्रिस ब्रायंट या नवोदिताने 9 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) ठोकले होते. त्या सराव सामन्यांत कुणाचेच त्याहून जास्त नव्हते. 30 मार्चला त्याला मायनर लीग कॅम्पमध्ये पाठवलं. क्लबाचं म्हणणं, क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे. 17 एप्रिलला त्याला वर पाचारण झालं, आणि हंगामाच्या शेवटी त्याची मेजर लीगमधली सेवा भरली 171 दिवस. पूर्ण वर्ष धरायला 172 लागतात. सेवेची ठरलेली वर्षं भरली की खेळाडू क्लबमुक्त होतो; त्या एका दिवसाने त्याचं ते मुक्त होणं अख्खं वर्षभर पुढे गेलं. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला! त्याची तक्रार लवादापुढे गेली आणि 2020मध्ये फेटाळली गेली. नंतर क्लब आणि खेळाडू संघटना यांच्या 2022च्या करारात तरतूद झाली की सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळावी.

तर 'कट'ला काय म्हणावं? 'छाटणी' काही जण लिहितात. छाटलेली फांदी परत झाडाला लागत नाही, इथले बरेच जण पुढे परत येतात. 'कपात' मला बरी वाटते, कारण पाणीकपात काय नि पगारकपात काय, तिचा रोख आकड्यावर असतो. कॅम्पमध्ये साठ-सत्तर जण असतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी 26 उरायला हवेत. 'कब्जची दुसरी कपात, आणखी सात जण मायनर लीग कॅम्पमध्ये' हे वाचून कुणालाही कळेल. 'डच्चू' आणि 'नारळ' हे क्रीडापानांचे लाडके शब्द मी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवीन, म्हणजे क्लबाने करार संपवून खेळाडूला खरोखर मोकळं केलं तर.

आता ते 'असाइनमेंटसाठी नियुक्त'. इथे यंत्राने अर्थ पार उलटा केला. वाचणाऱ्याला वाटतं, एखादी जबाबदारी सोपवली. प्रत्यक्षात खेळाडूचं नाव 40च्या यादीतून उडालेलं असतं. इथली असाइनमेंट म्हणजे कामगिरी नव्हे, कराराचं हस्तांतरण. म्हणजे 'याचा करार दुसरीकडे वळवण्यासाठी बाजूला काढला आहे'. त्यानंतर क्लबाला सात दिवस मिळतात. तेवढ्यात त्याचा दुसऱ्या क्लबाशी सौदा करायचा, किंवा त्याला सगळ्यांपुढे ठेवायचा. कोणीच उचलला नाही तर मायनर लीगमध्ये पाठवायचा, नाही तर मुक्त करायचा. पुरेशी सेवा झालेला किंवा आधी एकदा असा पाठवलेला खेळाडू मायनर लीगला नकार देऊन बाहेर पडू शकतो. म्हणजे खेळाडूला खराखुरा पर्याय मिळतो तो इथे, आणि या बातमीत 'पर्याय' शब्द येत नाही.

एका शब्दात हे मराठीत बसणार नाही. मथळ्यापुरतं '40च्या यादीतून वगळलं' पुरेसं आहे, आणि आत बातमीत 'सात दिवस टांगणीला' असं बिनदिक्कत लिहावं. बायका-मुलं एका गावात, भाड्याचं घर दुसऱ्या गावात आणि आपण कुठल्या गणवेशात असू ते ठाऊक नाही, ही अवस्था त्यात नेमकी येते.

मायनर लीगला 'कनिष्ठ लीग' मात्र म्हणू नये. आपल्या खेळाच्या भाषेत कनिष्ठ म्हणजे वयाने लहान, आणि ट्रिपल-एला तिशी ओलांडलेले, पोराबाळांचे बाप असलेले पिचर सर्रास असतात. 'दुय्यम' म्हटलं की दर्जाच काढल्यासारखा होतो. मायनर लीगच राहू द्यावं.

राहिला 'प्रॉस्पेक्ट'. यंत्र 'संभावना' किंवा 'शक्यता' लिहितं, त्यातली पहिली तर हिंदीची उचल. जुना 'उमेदवार' छान बसला असता, उमेद बाळगून बिनपगारी राबणारा, ज्यावरून आपण 'उमेदवारीचे दिवस' म्हणतो तो. पण निवडणुकांनी तो शब्द बळकावला. मी 'होतकरू' घेईन. अजून झालेला नाही, पण होऊ घातलेला. शिष्यवृत्तीच्या जाहिरातींत तो नेहमी 'गरीब व होतकरू' असा जोडीने येतो, आणि इथे ते पहिलं विशेषणही फारसं चुकत नाही. 2023च्या करारानंतर ट्रिपल-एचं किमान वेतन वर्षाला 35,800 डॉलर झालं, वरच्या चार पायऱ्यांच्याही खालच्या, अगदी तळच्या नवख्यांचं 19,800. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान वेतन 7,20,000 डॉलर होतं.

भारतातून गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल 2008मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले आणि 2009मध्ये फ्लोरिडात अशाच तळच्या लीगमध्ये खेळले. (हा रिंकू सिंग क्रिकेटमधला नव्हे.) दोघेही 40च्या यादीपर्यंत कधी पोचले नाहीत, त्यामुळे त्यांची रवानगी झाल्याची बातमी तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. होतकरू म्हणायला हरकत नाही.