सूनबाईंना एकटीलाच आत का बोलावले?

प्रश्न : माझ्या सुनेला सहावा महिना चालू आहे. नेहमीच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले असता सिस्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितले. ‘घरी कोणाची भीती वाटते का, कोणी मारहाण करते का,’ असे आत तिला विचारल्याचे नंतर तिच्याकडून कळले. आमच्या घरात असा प्रकार कधीही झालेला नाही. वजन, रक्तदाब पाहायचे सोडून असे विचारणे म्हणजे आमच्यावर संशय घेणेच नव्हे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण मधुमेहासाठी रक्त तपासले म्हणून आपल्याला मधुमेह झाला असा कोणी आरोप करत नाही, तसाच हा प्रश्न आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. अशा घरांवर पाटी लावलेली नसते. पोटावर मार बसल्यास गर्भाशयातील वार (प्लॅसेंटा) वेळेआधी सुटून रक्तस्राव होण्याचा, दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा धोका असतो. म्हणून गरोदरपणात हे विचारणे हा उपचाराचाच भाग आहे.

आता आपल्याला बाहेर का बसवले ते सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. सासू, नवरा किंवा अगदी आईसमोरही हा प्रश्न विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येते. आणि खरोखरच मारहाण होत असेल, तर घरी गेल्यावर त्या प्रश्नाचीच शिक्षा तिला भोगावी लागू शकते. याच कारणाने नातेवाइकाला दुभाषा करत नाहीत आणि घरी जाणाऱ्या केसपेपरवर तिचे उत्तर ठळकपणे लिहीत नाहीत. उमेदवारीच्या काळात मी स्वतः, नवरा शेजारी उभा असताना ‘कसे लागले?’ असे विचारून ‘बाथरूममध्ये घसरून पडली’ अशी नोंद किती वेळा केली असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

हा प्रश्न सरसकट प्रत्येकीला विचारावा का, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात एकमत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये प्रजननक्षम वयातील सर्व स्त्रियांना विचारण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना मात्र सरसकट विचारण्याऐवजी, दुखापतीची आणि सांगितलेल्या कारणाची सांगड बसत नसल्यास, वारंवार कारण न सापडणाऱ्या वेदना होत असल्यास किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालेला असल्यास विचारावे, असे सांगतात. गरोदरपणातील तपासण्यांत विचारण्यास त्या अनुकूल आहेत, कारण ती स्त्री पुन्हा पुन्हा येणार असते. त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी, एकांत, गोपनीयता आणि पुढे पाठवण्याची सोय मात्र हवी. माझे मत विचाराल तर, ज्या दवाखान्यात पडद्यापलीकडे दुसरी रुग्ण बसलेली आहे आणि ‘हो’ म्हणणारीला कुठे पाठवायचे हे कोणालाच ठाऊक नाही, तिथे न विचारलेलेच बरे.

अशी सोय आपल्याकडे उभी राहू शकते. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून २०००–०१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा समुपदेशन विभाग सुरू केला. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा. त्याखालील नियमांनुसार आधी घटनेची नोंद केलेली नाही, एवढ्या कारणावरून पीडित स्त्रीला उपचार नाकारता येत नाहीत. ‘हो’ म्हणताच सगळे तिच्या हातून निसटून पोलिसांकडे जाते, हा समज चुकीचा आहे. या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचे की नाही हे सज्ञान स्त्रीच ठरवते. गंभीर दुखापतीची पोलीस नोंद मात्र वेगळी बाब आहे आणि १८ वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचार पोक्सो कायद्याने कळवावाच लागतो. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

सूनबाईंनी झालेला प्रश्न आपणहून आपल्याला सांगितला, याचा अर्थ त्यांना तुमच्यापाशी बोलताना संकोच वाटत नाही. पुढच्या तपासणीला पुन्हा बाहेर बसायला सांगितले, तर खुशाल बसा. आत काय बोलणे झाले, ते मात्र घरी येताना विचारू नका.