‘दार-ए-सलाम’ की ‘दार एस सलाम’?

प्रश्न असा आहे : “माझा भाचा नोकरीनिमित्त टांझानियात गेला आहे. तो ज्या शहरात राहतो त्याचे नाव मराठी वर्तमानपत्रांत कधी ‘दार-ए-सलाम’, कधी ‘दार एस सलाम’, तर क्वचित ‘दारेसलाम’ असे छापलेले दिसते. यांतले बरोबर कोणते, आणि त्याचा अर्थ ‘शांतीचे दार’ असा घ्यायचा का?”

आधी थोडक्यात उत्तर देतो. लिहावे ‘दार एस सलाम’. अर्थ ‘शांतीचे घर’ असा आहे. आपल्या दाराशी, म्हणजे दरवाजाशी, त्या नावाचा काहीही संबंध नाही.

गोंधळ होतो तो मराठीत ‘दार’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द आधीपासून नांदत असल्यामुळे. घराचे दार संस्कृत ‘द्वार’पासून प्राकृतातून आले. सुभेदार, इनामदार, चवदार, रुबाबदार यांतला ‘दार’ फारसी असून ‘बाळगणारा, असलेला’ असा त्याचा अर्थ आहे. या शहराच्या नावातला ‘दार’ तिसराच, अरबी आहे आणि त्याचा अर्थ घर, निवासस्थान. ‘दारुल उलूम’ म्हणजे विद्यांचे घर, त्यात तो दिसतो. मोगलांनी आपल्या शहरांना जी बिरुदे दिली त्यांतही तो आहे : बुऱ्हाणपूरला ते ‘दारुस्सुरूर’, म्हणजे आनंदाचे घर, म्हणत आणि जिंकलेल्या विजापूरला ‘दारुज्जफर’, म्हणजे विजयाचे घर. हा ‘दार’ स्वतंत्र शब्द म्हणून मराठीत रुळला नाही, पण त्याचे सख्खे नातलग आपण रोज वापरतो. अरबीत तो ‘फिरणे, वळणे’ या अर्थाच्या धातूपासून बनतो, आणि मंत्र्यांचा ‘दौरा’ त्याच धातूतून निघाला आहे. “सगळी मदार तुझ्यावर आहे” या वाक्यातली ‘मदार’ही तिथलीच, मुळात मदार म्हणजे ज्याभोवती सारे फिरते तो आस.

आता मधल्या ‘ए’ आणि ‘एस’कडे वळू, कारण खरी चूक तिथेच होते. शेर-ए-पंजाब, दिवाण-ए-आम अशा रचना आपल्या कानावर इतक्या बसल्या आहेत की दोन परभाषी शब्दांच्या मध्ये ‘ए’सारखा स्वर ऐकू आला की आपण आडव्या रेघा देऊन मोकळे होतो. हा ‘ए’ फारसीचा, आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करणारा. आफ्रिकेतल्या या शहराच्या नावात तो नाही. तिथे आहे अरबीतला ‘अल्’ हा, इंग्रजी ‘द’सारखा, उपपद-शब्द. अरबी वर्णमालेतल्या २८ अक्षरांपैकी १४ अक्षरांपुढे ‘अल्’ आला की त्यातला ‘ल्’ पुढच्या अक्षरात मिसळून त्याच्यासारखाच होतो. अब्दुल कादिर यात ‘ल’ टिकतो, पण निजामुद्दीन यात तो ‘द’मध्ये विरतो आणि अब्दुर्रहमान यात ‘र’मध्ये. ‘स’ हे अशा १४ अक्षरांपैकी एक असल्यामुळे ‘अल्-सलाम’चे ‘अस्-सलाम’ होते. कोणी “अस्सलामु अलैकुम” म्हणतो तेव्हा पहिल्या शब्दात हेच ‘अस्-सलाम’ असते. म्हणजे ‘एस’मधला ‘स’ हा त्या ‘ल’चा बदललेला अवतार आहे आणि तो गाळून ‘दार-ए-सलाम’ लिहिणे म्हणजे अरबी नावाला फारसी व्याकरण चिकटवणे. अर्थ बिघडत नाही, हे मान्य केले पाहिजे; फारसीच्या नियमानेही ‘शांतीचे घर’ असाच अर्थ निघेल. परंतु विशेषनामाच्या बाबतीत अर्थ साधला एवढ्यावर भागत नाही, कारण ते त्या गावाचे नाव राहत नाही.

भारतात हाच समास ‘दारुस्सलाम’ असा ऐकू येतो, आणि ब्रुनेई देशाच्या अधिकृत नावातही ‘दारुस्सलाम’ आहे. फरक एवढाच की ग्रांथिक अरबीतला ‘दारु’मधला विभक्तीचा उकार तिथे टिकला आहे, तर बोली अरबीत असे विभक्तिस्वर गळतात. झांझिबार बेटासमोरच्या किनाऱ्यावर नाव रुळले ते बोलीतल्या उच्चाराने, आणि रोमन लिपीत ते ‘दार एस सलाम’ असे तीन तुकड्यांत स्थिरावले. जर्मन लोक ते एकत्र जोडून ‘दारेसलाम’ लिहीत. त्यामुळे प्रश्नातले तिसरे रूप अगदीच निराधार नाही, फक्त ते आज तिथे चालत नाही.

नाव ठेवले कोणी, हेही सांगायला हवे. हिंदी महासागराच्या या किनाऱ्यावर म्झिझिमा नावाचे कोळ्यांचे खेडे होते. झांझिबारचा सुलतान माजिद बिन सईद याने १८६० च्या दशकात तिथे नवे शहर वसवायला घेतले. चिंचोळ्या मुखाचे आणि आत रुंदावत जाणारे नैसर्गिक बंदर हे त्या जागेचे मोठे आकर्षण होते. पाहुण्यांसाठी १८६७ च्या सुमारास बांधलेली प्रवाळदगडाची ‘ओल्ड बोमा’ ही इमारत अजून बंदरासमोर उभी आहे. माजिदने निवडलेले ‘दार अस्-सलाम’ हे नाव कुराणात स्वर्गासाठी दोनदा येते, तेव्हा निवड साधी नव्हती. काही जण असेही सांगतात की मूळ नाव ‘बंदर अस्-सलाम’ असावे आणि पुढचा ‘बन’ गळून ‘दर’चे ‘दार’ झाले असावे. ‘बंदर’ हा फारसी शब्द मराठीप्रमाणे स्वाहिलीत, म्हणजे त्या किनाऱ्याच्या भाषेतही, ‘बंदारी’ या रूपाने आहे, त्यामुळे ही व्युत्पत्ती ऐकायला गोड वाटते. मला मात्र ती बंदर पाहून मागाहून सुचलेली दिसते. सबंध समास अरबीत आधीपासून तयार असताना तो मोडक्या बंदरातून काढायची गरज नाही.

‘सलाम’चा अर्थ शांती असा सरसकट सांगितला जातो, पण धातूचा मूळ भाव ‘अखंड, सुखरूप असणे’ हा आहे, आणि आपल्या ‘सहीसलामत’मध्ये तो जास्त स्वच्छ दिसतो. गंमत अशी की म्झिझिमा या जुन्या नावाचा अर्थही ‘निरोगी गाव’ असा सांगतात, कारण स्वाहिलीत ‘झिमा’ म्हणजे अख्खा, धडधाकट. सुलतानाने नाव बदलले, पण अर्थ जवळजवळ जागच्या जागी राहिला. हा योगायोगच असणार. तरी शब्दांच्या नादी लागलेल्याला तो सोडवत नाही.

माजिद १८७० मध्ये वारला आणि त्याचा भाऊ बर्गश याने या शहराकडे पाठ फिरवली. खरे शहर उभे राहिले ते जर्मनांच्या काळात. १८८७ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने तिथे ठाणे घातले, १८९१ मध्ये वसाहतीची राजधानी बागामोयोहून तिथे आली, आणि १९०५ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग १९१४ मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या किगोमापर्यंत पोचला. १९१६ मध्ये शहर ब्रिटिशांच्या हाती गेले. शहरातली पुढची काही नावे या सत्ताबदलातून जन्मली आहेत, आणि शब्दांच्या दृष्टीने शहराच्या नावाइतकीच ती रंजक आहेत.

सर्वांत गजबजलेली बाजारपेठ म्हणजे कारियाकू. हा शब्द स्वाहिली वाटतो, पण आहे इंग्रजी ‘कॅरियर कोअर’चा अपभ्रंश. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ओझी वाहण्यासाठी आफ्रिकी माणसांची जी प्रचंड फलटण उभी केली, तिचा तळ तिथे होता. तोफा आणि रसद डोक्यावर वाहताना उपासमारीने आणि रोगांनी त्यांतले हजारो लोक मेले, आणि त्यांची आठवण आज कापड नि भांडी विकणाऱ्या पेठेच्या नावात राहिली आहे. वसाहतकाळात गोऱ्यांची वस्ती ‘उझुंगुनी’ आणि भारतीयांची ‘उहिंदिनी’ म्हणून ओळखली जाई. ‘उहिंदिनी’तला ‘हिंदी’ आपलाच. मागचा-पुढचा भाग ‘त्यांची जागा’ एवढे सांगतो. उहिंदिनी आणि आफ्रिकी वस्ती यांच्यामध्ये जे मोकळे मैदान मुद्दाम राखले होते त्याचे नाव म्नाझी म्मोजा, म्हणजे ‘एक माड’.

उहिंदिनीतले दुकानदार बहुतांशी कच्छी आणि गुजराती होते. गोव्याहून आलेले लोक कचेऱ्यांत आणि शाळांत अधिक दिसत. शहराच्या आधुनिक इमारतींशी ज्याचे नाव निगडित आहे तो अँथनी आल्मेडा हा गोमंतकीय वंशाचा वास्तुविशारद मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला होता. या शतकानुशतकांच्या ये-जा करण्यातून स्वाहिलीत आलेले शब्द मराठी माणसाला ओळखीचे भेटतात : गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, गुनिया म्हणजे गोणी, आणि जेवणात कचुंबारी. सरकारला तिथे ‘सेरिकाली’ म्हणतात.

१९६१ च्या ९ डिसेंबरला टांगानिका, म्हणजे मुख्य भूमीवरचा हा देश, स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये झांझिबारशी जोडला जाऊन टांझानिया झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या काळात दार एस सलाम हे दक्षिण आफ्रिकाखंडातल्या मुक्तिचळवळींचे आश्रयस्थान होते, आणि तेव्हा ‘सुखरूपतेचे घर’ हा अर्थ त्याला शोभत होता. मोझांबिकची फ्रेलिमो ही संघटना १९६२ मध्ये तिथेच स्थापन झाली. पण तिचे नेते एदुआर्दो मोंडलेन यांचा १९६९ मध्ये पार्सल-बाँबने बळी घेतला तोही त्याच शहरात.

आणखी एक चूक मराठी मजकुरात वारंवार होते : या शहराला टांझानियाची राजधानी म्हणणे. राजधानी डोडोमाला हलवण्याचा निर्णय १९७३ मध्ये झाला, संसद १९९६ मध्ये तिकडे गेली, आणि सरकारी खाती २०१६ नंतर वेगाने हलली. तरीही सर्वांत मोठे शहर आणि मुख्य बंदर हेच आहे. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ५३ लाख ८४ हजार भरली; दहा वर्षांपूर्वी ती ४३ लाख ६५ हजारांच्या आसपास होती. झांबिया, काँगो, रवांडा, बुरुंडी या समुद्र नसलेल्या किंवा समुद्रापासून दूर पडलेल्या मुलखांचा माल याच धक्क्यावरून जातो, आणि चीनच्या मदतीने १९७० च्या दशकात बांधलेला १,८६० किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग इथूनच झांबियाकडे निघतो. शहरातल्या खासगी मिनीबसला ‘दालादाला’ म्हणतात. स्वतंत्र मार्गिकेतून २०१६ पासून धावणाऱ्या बसला लोकांनी ‘म्वेंदोकासी’, म्हणजे ‘वेगवान’, असे नाव दिले आहे. शहराचे लाडके नाव ‘बोंगो’ आहे, ते ‘उबोंगो’ म्हणजे मेंदू या शब्दावरून. इथे तगायचे तर डोके चालवावे लागते, असा त्याचा खुलासा तिथले लोक देतात.

लिहिण्याच्या सोयीसाठी शेवटी रूपांचा मुद्दा. तिन्ही शब्द सुटे, आडव्या रेघांशिवाय लिहावेत आणि प्रत्यय शेवटच्या शब्दाला लावावा : दार एस सलामचा, दार एस सलामला, दार एस सलामहून. ‘सलाममध्ये’ या रूपात दोन ‘म’ एकमेकांवर आदळतात, म्हणून मी ‘दार एस सलामात’ असे लिहितो. तिथले लोक बोलताना नुसते ‘दार’ म्हणतात, आणि भाचाही काही दिवसांत तसेच म्हणू लागेल. मराठीत मात्र त्याने ते रूप जपून वापरावे, नाहीतर “मी दारात पोचलो” असा निरोप आला की मावशी कडी काढायला उठेल.