पेशंटसोबत हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस राहायचंय, रोज कॅन्टीनचं जेवण खाल्लं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना किमोसाठी लातूरहून मुंबईला आणलंय, परळला ॲडमिट आहेत, सोबत तुम्ही आणि आई, आईला शुगर आहे, आणि इतके दिवस कॅन्टीनचं खाऊन पोट बिघडेल की काय म्हणून बाहेर डबा लावायचा विचार चाललाय. माझं स्पष्ट मत, कॅन्टीनमध्येच जेवा. रात्रीचं एक वेळ इकडेतिकडे झालं तरी ठीक, पण दुपारचं जेवण मात्र खाली जाऊन, टेबलावर बसून, ताटात घेऊनच.

मी मिरजेची. आमच्याकडे वानलेस हॉस्पिटल १८९४ पासून आहे आणि त्याच्यामागून इतके दवाखाने आले की कोकणातून, बेळगावकडून, पार विजापूरकडून माणसं पेशंट घेऊन येतात, त्यामुळे दवाखान्याबाहेर चादर टाकून बसलेले नातेवाईक मी लहानपणापासून बघतेय. पुढे आईच्या आजारपणात परळला राहिले आणि नंतर सासऱ्यांच्या बायपासला पुण्यात. सगळीकडे एकच गोष्ट दिसली, पेशंटच्या खाण्याची वीस जण चौकशी करतात, शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसानं काय खाल्लं हे कोणी विचारत नाही. आणि तो माणूस दिवसभर चहा-बिस्किटावर काढतो, कारण डॉक्टर राउंडला कधी येतील सांगता येत नाही, रिपोर्ट आणायला जायचं असतं, औषधाच्या दुकानात रांग असते. मग चार दिवसांनी ॲसिडिटी, डोकं धरणं, चिडचिड, आणि ती चिडचिड पेशंटवरच निघते.

डब्यापेक्षा कॅन्टीन बरं असं का म्हणते ते सांगते. एक तर किमो चालू असलेल्या माणसाला बऱ्याचदा जेवणाचा वास सहन होत नाही, फोडणीचा वास आला तरी उमळून येतं. तुम्ही बेडशेजारी डबा उघडलात की त्यांना त्रास, आणि त्यांना त्रास होतोय म्हटल्यावर तुमच्याही घशाखाली घास उतरत नाही. दुसरं, डबा सकाळी दहाला भरलेला असतो आणि तुम्ही तो उघडता अडीच-तीनला, मुंबईच्या उकाड्यात तेवढ्या वेळात भाताचं काय होतं बघा. शिजवलेला भात तासन् तास तसाच राहिला तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम करूनही जात नाही. कॅन्टीनचा भात चवीला कसाही असो, साडेबारा-एकला गेलात तर समोर पातेलं उतरत असतं. आणि तिसरं म्हणजे, माझ्या मते हेच सगळ्यात मोठं, वॉर्डातून वीस मिनिटं बाहेर पडणं होतं. मॉनिटरचा आवाज नाही, शेजारच्या बेडवरचं कण्हणं नाही, समोर माणसं जेवताहेत, कुणी फोनवर गावाकडच्या पावसाची चौकशी करतंय. तेवढ्यानं डोकं ताळ्यावर येतं हो, खरंच.

आई ॲडमिट होती तेव्हा कॅन्टीनच्या काउंटरवर एक काका बसायचे, कुपन फाडून देणारे. त्यांना चेहऱ्यावरूनच कळायचं कोण नवीन आलंय. एकदा बीडकडची एक बाई फक्त चहा मागत होती, हातात फाइल, पदराला बांधलेले पैसे मोजून काढत होती. काकांनी विचारलं, पेशंट कुठल्या वॉर्डला, कोण लागतो, जेवलात कधी. ती म्हणाली, काल संध्याकाळी एसटीत बसताना. त्यांनी चहाचं कुपन दिलंच नाही, आतल्या पोराला हाक मारली, ‘अर्धी राईस प्लेट लाव रे, वरण जास्त घाल,’ आणि तिला म्हणाले, ‘ताई आधी जेवा, बिलाचं काउंटर कुठं पळून जात नाही.’ ती बाई पहिले चार घास नुसती वरण-भाताकडे बघत खात होती, मग पापड मोडला, मग लोणच्याची फोड शेवटपर्यंत बाजूला ठेवून खाल्ली. मी समोरच बसलेले. त्यानंतर मी कुणालाही ‘नुसता चहा घेते’ म्हणू देत नाही.

आता काय खायचं आणि काय नको. साधा नियम ठेवा, ज्याला रांग लागलीय ते घ्या. जे भराभर संपतंय ते ताजं असतं. सकाळी इडली-सांबार, उपमा, पोहे चालतात. दुपारी साधी राईस प्लेट, म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात. उसळ असली तर जरूर घ्या, नातेवाईकांच्या खाण्यात डाळ-कडधान्य पार कमी होऊन जातं. दुपारनंतर ओल्या खोबऱ्याची चटणी नको, संध्याकाळी पुलाव किंवा फोडणीचा भात दिसला तर तो बहुतेक दुपारच्या भाताचा असतो, सोडा. काचेच्या कपाटातले वडे-समोसे कधी तळलेत विचारा, समोर तळत असतील तर एखादा खायला हरकत नाही. चहा रिकाम्या पोटी नको एवढं पाळलंत तरी अर्धी ॲसिडिटी वाचेल. कॅन्टीनमध्ये एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी लायसन लावलेलं असायला पाहिजे, चौदा आकडी नंबर असतो त्यावर, हॉस्पिटलच्या आवारातल्या कॅन्टीनचीही त्यातून सुटका नाही.

आणि हात धुवा, साबणानं. सगळे जण खिशातलं सॅनिटायझर चोळतात आणि जेवायला बसतात, पण जुलाब-उलट्या करणाऱ्या काही जंतूंवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं कारण किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पेशंटच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा तुमचं बिघडलेलं पोट तुमच्यापुरतं राहत नाही, ते वडिलांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून रस्त्यावरची कापलेली फळं, ऊसाचा रस, पाणीपुरी हे तुम्ही पण तेवढे दिवस बंद ठेवा.

आईंचं वेगळं सांगते, नीट वाचा. शुगरची गोळी घेऊन जेवण लांबलं तर शुगर खाली येऊ शकते, काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं तर नक्कीच. हॉस्पिटलमध्ये हे फार वेळा होतं कारण गोळी सवयीनं घेतली जाते आणि जेवण राहून जातं. घाम फुटला, हातपाय कापायला लागले, बोलणं विचित्र झालं, तर ती दगदग म्हणून सोडून देऊ नका, लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, शुद्धीवर असतील तरच, आणि मग पंधरा मिनिटांनी जेवायला घाला. फरक वाटला नाही तर सिस्टरना हाक मारा, तुम्ही हॉस्पिटलमध्येच आहात. पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवायला सांगा. जेवणाच्या वेळा ठरवा आणि त्या वेळेला आईंना खाली पाठवाच, पास एकच असेल तर आधी आई जाऊन येतील मग तुम्ही. तुमचं अर्धा तास लांबलं तर चालतं, त्यांचं नाही. राईस प्लेटमध्ये भात कमी आणि पोळी-भाजी जास्त मागा, सांगितलं तर देतात. साखर न घातलेला चहा मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो पण आधी सांगावं लागतं, उकळताना साखर पडली की संपलं.

वडिलांना मात्र कॅन्टीनमधलं काही नेऊ नका, डॉक्टर किंवा डाएटिशियनना विचारल्याशिवाय. माया असते, कळतं मला, त्यांना दोन घास जात नाहीत आणि ते म्हणतात एखादी भजी आण. पण वॉर्डात येणारं जेवण त्यांच्या रिपोर्टवर ठरलेलं असतं, मीठ किती, साखर किती, मऊ की पातळ. भेटायला येणाऱ्यांनाही सांगून ठेवा. आपल्याकडे पेशंटला बघायला जायचं म्हणजे शहाळं आणि मोसंबी हे ठरलेलं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा डायलिसिस चालू आहे त्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. किमोच्या काही औषधांचा किडनीवर ताण येतो, म्हणून विचारूनच. कापलेली फळं, कोशिंबीर, कच्ची चटणी त्यांना पेशी कमी असताना शक्यतो देत नाहीत, सालीची फळं म्हणजे केळं, संत्रं स्वच्छ धुऊन, ताजं सोलून बहुतेक वेळा चालतात. बेडवर ‘उपाशी’ किंवा ‘एनबीएम’ची (म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही) पाटी असेल तर पाण्याचा घोटही सिस्टरना विचारून, भूल द्यायची असते तेव्हा पोटात काही राहिलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती असते.

पैशाचं पण बोलू, कारण तुम्ही लिहिलं नाहीये पण एवढे दिवस तीन माणसांचं मुंबईत निघणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. वडील महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ॲडमिट असतील तर पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच धरलेलं असतं, वरून घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पण एकदा मिळतं. हॉस्पिटलमध्ये योजनेच्या डेस्कवर आरोग्यमित्र बसतात त्यांना विचारा, न विचारता कोणी सांगत नाही. धर्मादाय हॉस्पिटल असेल आणि गरीब पेशंटसाठीच्या राखीव खाटेवर घेतलं असेल तर हॉस्पिटल देत असलेल्या जेवणाचे पैसे बिलात लावायचे नसतात. हे सगळं वैद्यकीय समाजसेवकांकडे कळतं, लोक त्यांना सोशल वर्कर मॅडम म्हणतात, पहिल्या दोन दिवसांतच त्यांना भेटून घ्या.

शिवभोजन थाळीचं केंद्र जवळपास चालू आहे का तेही विचारा. २६ जानेवारी २०२० ला ती १० रुपयांत सुरू झाली तेव्हाच जिल्हा रुग्णालयांजवळ केंद्रं काढायची असं ठरलं होतं, २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, कोविडमध्ये ती ५ रुपयांत आणि २०२१ मध्ये काही महिने फुकट पण दिली. मोठ्या माणसाचं एका वेळचं पोट त्यात भरतंच असं नाही पण गरम असतं आणि वेळेवर असतं.

परळमध्ये तर तुम्ही एकटे नाहीच. टाटा हॉस्पिटल १९४१ चं, केईएम १९२६ चं, वाडिया तिथंच, सगळी एकमेकांना लागून, आणि त्या रस्त्यांवर बिहार, बंगाल, आसामपासून आपल्या विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची माणसं महिनोन् महिने राहतात. त्यांना जेवू घालणारे पण तिथंच आहेत. नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन परळलाच आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे जिथं कॅन्सर पेशंट आणि नातेवाईकांना कमी पैशात राहायला-जेवायला मिळतं. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलंच ‘भुकेलेल्यांना अन्न’ आहे आणि तिथं ते अजून चालू आहे हे बघून मला आजही भरून येतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, हॉस्पिटलचं पत्र लागतं, म्हणून लवकर नाव द्या. टाटाच्या आसपास संस्थांच्या गाड्या जेवण घेऊन येतात, त्या रांगेत उभं राहायला बिलकूल संकोच करू नका, माझ्या पुढे एकदा शाळेचे हेडमास्तर उभे होते, पांढराशुभ्र शर्ट, हातात स्टीलचा डबा, पैसे सगळे इंजेक्शनांना गेलेले.

रात्रीचं बघा, बहुतेक कॅन्टीन नऊ-साडेनऊला बंद होतात आणि पेशंटचं नेमकं रात्रीच काहीतरी निघतं. त्यामुळे आठलाच जेवून घ्या. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, केळी आणि पाण्याची बाटली असू द्या, आईंसाठी लाडवाऐवजी फुटाणे. गावाहून कोणी भेटायला येतो म्हणालं तर त्यांना चटणी-भाकरी आणायला सांगा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात टिकते आणि लातूरकडच्या माणसाला कॅन्टीनच्या पातळ भाजीसोबत ती असली की जेवण जातं. आणि आलेल्या माणसाला नुसतं स्टुलावर बसवून गप्पा मारू नका, पास त्याच्या हातात द्या, वडिलांजवळ दोन तास बसवा, आणि तुम्ही आईंना घेऊन खाली जेवायला जा. दोघांनी एकत्र, सावकाश.