धावपट्टी नेमकी कोणाची?

प्रश्न : मुलीकडे मुंबईला जाण्यासाठी आम्ही ग्वाल्हेरहून विमानात बसलो. दारे लागल्यावरही विमान बराच वेळ जागचे हलले नाही. दोन लढाऊ विमाने लागोपाठ उतरली आणि मगच आम्ही निघालो. नातू त्यांचा फोटो काढू लागला, तर त्यालाही अडवले. प्रवाशांना थांबवून लढाऊ विमानांना आधी वाट का देतात? आणि ही धावपट्टी आहे तरी कोणाची?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : धावपट्टी हवाई दलाची आहे. राजमाता विजयाराजे शिंदे विमानतळ म्हणून आपण जे ओळखतो, त्यातील १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेले टर्मिनल आणि त्यासमोरची प्रवासी विमाने उभी करण्याची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. धावपट्टी व नियंत्रण मनोरा महाराजपुरा हवाई तळाचा असल्यामुळे आपल्या वैमानिकालाही उड्डाणाची परवानगी हवाई दलाचा नियंत्रकच देतो.

आधी वाट देण्यात मानापमानाचा प्रश्न नाही. सरावाहून परतणाऱ्या मिराज-२००० सारख्या विमानात मोजकेच इंधन उरलेले असते, त्यामुळे ते आकाशात फार वेळ घिरट्या घालू शकत नाही. जमिनीवर उभे असलेले प्रवासी विमान मात्र दहा मिनिटे उशिरा निघाले तरी कोणाच्या जिवाला धोका नसतो. शिवाय ही विमाने बहुधा जोडीने परततात, म्हणून एक उतरले तरी धावपट्टी लगेच मोकळी होत नाही.

अवजड विमानांना पेलणारी धावपट्टी या शहराला आयती मिळाली, हेही विसरू नये. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते घेऊन आलेले बोइंग ७४७ येथेच उतरले आणि चित्ते पुढे हेलिकॉप्टरने कुनोला गेले. मात्र अशा आयत्या धावपट्टीची किंमतही मोजावी लागते. पुण्याचा लोहगाव तळ असाच सामायिक असून धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तेथील प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद होती. म्हणून ग्वाल्हेरहून उड्डाणे वाढावीत ही मागणी, जी माझीही आहे, केवळ विमान कंपन्यांकडे करून भागणार नाही, कारण टर्मिनल कितीही मोठे झाले तरी नागरी उड्डाणांच्या वेळा हवाई दलाच्या संमतीनेच ठरतात.

नातवाला अडवले ते योग्यच झाले. हवाई दलाच्या तळावर उभ्या असलेल्या किंवा तेथून उडणाऱ्या विमानातून तळाचे चित्रण करण्यास मनाई आहे आणि ती लहान मुलांनाही लागू होते.